रंग मातीचा नव्हे

मराठी समीक्षेत 'माती' हा शब्द किती सहजपणे येतो, हे एकदा कोणीतरी मोजून पाहायला हवे. अमुक कादंबरी मातीतून उगवलेली असते, तमुक कवितेला मातीचा वास असतो, एखाद्याची मातीशी नाळ अजून शाबूत असते आणि दुसऱ्याची ती तुटलेली असते, म्हणून त्याचे लेखन उपरे ठरते. हे शब्द मीही वापरले आहेत. महाविद्यालयात फळ्यासमोर उभे राहून, विद्यार्थ्यांनी ते उतरवून घ्यावेत अशा आवाजात वापरले आहेत. गेली काही वर्षे मात्र अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात घरामागच्या लहानशा तुकड्यात मी एक झुडूप वाढवतो आहे आणि त्या झुडपाने या शब्दाविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न केली आहे. लेखाचा विषय ती शंका आहे. पण झुडपाविषयी बोलल्याखेरीज ती सांगता येणार नाही. आणि खरे सांगायचे तर झुडपाविषयी बोलणेच मला अधिक आवडते.

हे झुडूप म्हणजे हायड्रेंजिया, शास्त्रीय नाव हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा. उटी-कोडाईकनालच्या बागांतून निळ्या-जांभळ्या फुलांचे जे गोल गेंद आपण पाहतो तो हायड्रेंजिया मॅक्रोफिला, याचा भाऊबंद. पण स्वभावाने अगदी वेगळा. पॅनिक्युलाटाचा फुलोरा गोल नसतो, खाली रुंद आणि वर निमुळता असतो. वनस्पतिशास्त्रात अशा फुलोऱ्याला पॅनिकल म्हणतात. परका शब्द म्हणून दचकायचे कारण नाही. आंब्याचा मोहोर हाही पॅनिकलच. आंब्याच्या मोहोरातली फुले चिमुकली असतात आणि इथे मात्र बोटभर रुंदीची, चार पाकळ्यांची शुभ्र फुले दाटलेली दिसतात. त्या पाकळ्याही खऱ्या पाकळ्या नव्हेत. कळीला बाहेरून झाकणारी जी निदले असतात तीच इथे मोठी होऊन पाकळ्यांचे सोंग घेतात. ही दिखाऊ फुले वंध्य असतात. बी धरणारी खरी फुले त्यांच्या आड, मोहरीएवढी, कोणाच्या लक्षातही न येणारी. जंगलातल्या मूळ झाडात खऱ्या फुलांची संख्या भरपूर असते. बागेसाठी माणसाने निवडलेल्या वाणांतून ती कमी होत गेली आणि 'ग्रँडिफ्लोरा' या जुन्या वाणात तर जवळजवळ सगळा कारभार वंध्य फुलांच्याच हाती आला. अलंकारिक गद्याविषयी इथे काही बोलण्याचा मोह होतो, तो आवरतो.

आता रंगाविषयी. जुलैत फुलोरा उमलतो तेव्हा त्यावर पोपटी झाक असते. मग तो मोतिया पांढरा होतो. ऑगस्ट सरताना, रात्री गार होऊ लागल्या की खालच्या फुलांच्या कडांना अबोली रंग चढतो आणि तो हळूहळू शेंड्याकडे सरकतो. सप्टेंबरच्या अखेरीस तोच तुरा डाळिंबी झालेला असतो, आणि पुढे वाळून बदामी. एकाच फांदीवर, एकाच तुऱ्यात, तळाशी डाळिंबी आणि टोकाला पांढरा असे दोन-तीन आठवडे दिसते. माझ्याकडचा वाण रंगाच्या बाबतीत उदार आहे. काही वाण फिकट गुलाबीवरच थांबतात.

हे सारे मला नंतर कळले. झुडूप विकत आणले तेव्हा माझ्या डोक्यात कोडाईकनालची निळाई होती. रोपवाटिकेतल्या विक्रेत्यानेही ठामपणे सांगितले की हायड्रेंजियाचा रंग मातीवर ठरतो. माती आम्ल करा, निळा होईल. आमच्या भागात चुनखडकाचे प्राबल्य आहे आणि माती अल्कधर्मी. म्हणून दोन वर्षे मी त्या बिचाऱ्याच्या मुळाशी गंधक घातले, ॲल्युमिनियम सल्फेट घातले. एकदा तर घरातली तुरटी कुटून घातली. फूल निळे झाले नाही. पानांच्या कडा मात्र करपल्या. तिसऱ्या वर्षी कंटाळून मी हे सर्व सोडून दिले आणि झुडूप सुधारले. मग जरा वाचन केले तेव्हा समजले की मी ज्याला नियम समजत होतो तो त्याच्या भाऊबंदाचा नियम होता.

मॅक्रोफिलाच्या बाबतीत मातीची गोष्ट खरी आहे. माती आम्ल असली, म्हणजे तिचा सामू साडेपाचच्या आसपास किंवा खाली असला, की तिच्यातले ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळते, फुलात पोचते आणि तिथल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याशी जोडले जाऊन ते निळे दिसू लागते. सामू साडेसहाच्या वर गेला की ॲल्युमिनियम मातीतच अडकून राहते आणि तेच फूल गुलाबी होते. रंगद्रव्य तेच, फरक मातीचा. पॅनिक्युलाटात हा प्रकार नाही. त्याच्या फुलात सुरुवातीला लाल रंगद्रव्य जवळपास नसतेच. फूल जुने होऊ लागले, उन्हाची तीव्रता ओसरली, रात्री गारवा आला की निदलांत अँथोसायनिन साठत जाते. माती आम्ल असो वा अल्क, त्याने निळा होणे नाही. त्याचा रंग ठरतो तो त्याचा वाण, त्याचे वय आणि त्याने काढलेल्या थंड रात्री यांवर. जिथे उन्हाळा फार कडक आणि रात्रीही तापलेल्या, तिथे हे फूल गुलाबी न होता सरळ तपकिरी होऊन जाते.

मराठीत 'रंग बदलणे' हा आरोप आहे. सरडा रंग बदलतो, पुढारी रंग बदलतात. जपानी भाषेतही मॅक्रोफिलाच्या वाट्याला हेच आले आहे. 'अजिसाई' हे त्याचे तिथले नाव आणि 'सात पालट' अशा अर्थाचे 'शिचिहेंगे' हे दुसरे. चंचलपणाचे फूल म्हणून त्याची ख्याती आहे. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या प्राचीन काव्यसंग्रहात अजिसाईच्या फक्त दोन कविता आहेत आणि त्यांपैकी एकीत, ओतोमो नो याकामोची या कवीच्या कवितेत, हे फूल फसवणुकीच्या संदर्भात येते. पण मराठीपाशी याच धातूची दुसरी बाजूही आहे. मेंदी रंगते. विडा रंगतो. आंबा रंग धरतो. मैफल रंगते, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत रंगली असे कोणी म्हणत नाही. या सगळ्या प्रयोगांत वेळ जाणे गृहीत आहे, आणि परत फिरणे नाही: रंगलेली मेंदी पुन्हा हिरवी होत नाही. पॅनिक्युलाटा रंग बदलत नाही, रंगतो. घरासमोरच्या मधुमालतीला आपण हे कधीपासून पाहत आलो आहोत. संध्याकाळी पांढरे उमललेले फूल दोन-तीन दिवसांत गुलाबी होऊन लाल होते. सीतेचा अशोकही पिवळ्या-नारिंगीवरून लालाकडे जातो. त्यांना सरड्याच्या पंक्तीला कोणी बसवलेले नाही.

या झुडपाचे मूळ गाव जपान, कोरिया, चीन आणि रशियाचे साखालिन बेट. पाश्चात्त्य विज्ञानात त्याला नाव मिळाले ते १८२९ मध्ये, फिलिप फ्रान्झ फोन झीबोल्ड या जर्मन डॉक्टरकडून. डच व्यापाऱ्यांच्या नोकरीत तो १८२३ मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा या बेटावर आला. जपानने तेव्हा परकीयांना दारे लावून घेतली होती. झीबोल्डने झाडे जमवली, शिष्य जमवले आणि जपानचे नकाशेही जमवले. त्या नकाशांपायी त्याला १८२९ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. नकाशे देणारा जपानी अधिकारी तुरुंगातच मेला, हे सहसा बागकामाच्या पुस्तकांत नसते. कुसुमोतो ताकी ही झीबोल्डची सहचारिणी मागे राहिली, आणि १८२७ मध्ये जन्मलेली त्यांची मुलगी इनेही. इने पुढे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या जपानी स्त्रियांपैकी एक झाली. युरोपात परतल्यावर झीबोल्डने एका हायड्रेंजियाला 'ओताक्सा' असे नाव दिले. ते कोठून आले हे विसाव्या शतकातले थोर जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो तोमितारो यांनी उलगडले: 'ओताकीसान', म्हणजे ताकीबाई. माकिनोंना हे मुळीच रुचले नाही. फुलाचे पावित्र्य भंगले असे त्यांना वाटले. गंमत अशी की स्वतःची पत्नी १९२८ मध्ये वारली तेव्हा याच माकिनोंनी एका बांबूजातीला तिचे नाव दिले. असो. 'ओताक्सा' आता स्वतंत्र जाती मानली जात नाही, नाव मात्र जिभेवर राहिले आहे.

पॅनिक्युलाटाचे जपानी नाव मात्र कोणा प्रेयसीचे नाही. ते आहे 'नोरी-उत्सुगी'. नोरी म्हणजे खळ. या झुडपाच्या आतल्या सालीतून भेंडीसारखा बुळबुळीत रस निघतो आणि तो हाती बनवलेल्या जपानी कागदासाठी वापरतात. खळ म्हटले तरी तो चिकटवण्यासाठी नसतो. कुंडातल्या पाण्यात लगद्याचे तंतू तळाशी बसू नयेत, एकमेकांत गुंतून गोळे होऊ नयेत, चाळणीवरून पाणी सावकाश निथळावे आणि कागद सर्वत्र सारखा उतरावा, म्हणून तो पाण्यात मिसळतात. या कामासाठी अधिक वापरली जाते ती 'तोरोरो-आओई' ही वनस्पती, आपल्या भेंडीची सख्खी बहीण. पण नारा प्रांतातल्या योशिनो भागात होणाऱ्या 'उदा' कागदाला नोरी-उत्सुगीच लागतो, आणि तो कागद जुन्या चित्रगुंडाळ्यांच्या पाठीला अस्तर म्हणून लावतात. युरोपात आणि अमेरिकेत हे झाड केवळ शोभेचे झाले. बेल्जियममधल्या काल्मथाउट येथे रॉबर्ट आणि येलेना द बेल्डर या दांपत्याने त्याचे नवे वाण निवडले. रॉबर्ट हिऱ्यांचा व्यापारी, म्हणून त्यांतल्या एकाचे नाव 'पिंक डायमंड'. पुढच्या पिढीचे वाण हॉलंड, फ्रान्स, बेल्जियममधून आले आणि त्यांची नावे व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, लिंबू अशी, मिठाईच्या दुकानात शोभतील अशी आहेत. कागदाची आठवण एकाही नावात नाही.

जोपासनेत विशेष अवघड काही नाही. रोज पाच-सहा तास ऊन, पाणी न तुंबणारी पण ओल धरणारी जमीन, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या भुशाचे आच्छादन, आणि खत बेताचे. नत्र जास्त झाले तर फांद्या भराभर लांबतात, लुसलुशीत होतात आणि पावसाने भिजलेल्या तुऱ्यांच्या भाराने जमिनीला टेकतात. थंडीचे याला भय नाही. उणे तीस अंशांतही तो तग धरतो. हरणे मात्र कोवळे शेंडे आवडीने खातात.

खरी विद्या आहे ती छाटणीची, आणि ती मी एका चुकीतून शिकलो. पॅनिक्युलाटा त्या वर्षी फुटलेल्या नव्या काडीवर फुलतो. म्हणून हिवाळा सरताना, कळ्या फुगण्यापूर्वी, त्याची तृतीयांश-निम्मी उंची छाटली तरी चालते. उलट फुटवा जोमाने येतो आणि तुरे मोठे होतात. मॅक्रोफिलाचे तसे नाही. त्याच्या फुलांचे डोळे आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी जुन्या काडीवरच तयार होतात आणि हिवाळाभर तिथे निजून असतात. नाशिककडच्या द्राक्षबागाइतदाराला हे समजवावे लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घडाची धारणा होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड बाहेर पडतो, हा त्याच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. मी मूळचा नाशिकचा असूनही मला हे सुचले नाही. शेजारी एक वृद्ध बाई राहत. त्यांच्या दाराशी त्यांच्या दिवंगत पतीने लावलेला मॅक्रोफिला होता, भिंतीच्या आडोशाने कसाबसा थंडी काढणारा. एका मार्चमध्ये माझे झुडूप छाटून झाल्यावर, कात्री हातात होतीच, म्हणून परोपकाराच्या भावनेने मी त्यांचेही छाटून दिले. त्या वर्षी त्याला एकही फूल आले नाही. बाईंनी मला काही म्हटले नाही. ऑगस्टमध्ये एकदा त्या त्या हिरव्या झुडपापाशी उभ्या होत्या आणि माझ्याकडे पाहून त्यांनी हात हलवला, इतकेच. पुढल्या वर्षी फुले आली, पण तोपर्यंत त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या.

दोघांचे नाव हायड्रेंजिया, म्हणून दोघांना एकच कात्री आणि दोघांना एकच माती, असे मी मानले होते. आता समीक्षेकडे येतो.

माझे एक स्नेही आहेत, नाव सांगत नाही. तीसेक वर्षे या देशात आहेत आणि मराठीत कविता लिहितात. लिहीत होते म्हटले पाहिजे. पन्नाशीनंतर त्यांच्या कवितेत एक वेगळाच सूर आला: संथ, थोडा कोरडा, बर्फावरच्या उजेडासारखा. तो संग्रह महाराष्ट्रात प्रसिद्ध झाला आणि त्यावर जे एकमेव परीक्षण आले त्यात लिहिले होते की कवीच्या पहिल्या संग्रहातला गावाकडचा रंग इथे उडालेला आहे, मातीपासून तुटल्यावर दुसरे काय होणार. परीक्षणात द्वेष नव्हता, हळहळच होती. स्नेह्यांनी त्यानंतर लिहिणे थांबवले. मी फोनवर वाद घालू लागलो की ते म्हणत, "अहो, खरेच असेल ते."

ते खरे नव्हते असे माझे मत आहे, आणि ते खरे वाटण्याचे कारण रूपकात आहे. लेखकाची घडण वंश, परिस्थिती आणि काळ यांनी होते हा इपोलित तेन या फ्रेंच समीक्षकाचा सिद्धान्त १८६०च्या दशकातला. त्यात निदान तीन घटक होते, आणि तिसरा काळ होता. आपण मराठीत त्यातला मधला उचलला, त्याला माती हे नाव दिले आणि बाकीचे दोन विसरलो. देशीवादाच्या चर्चेने एक मोठे काम केले: उसन्या आधुनिकतेचा तोरा उतरवला, बोलींना प्रतिष्ठा दिली, हे मी मान्य करतो. भालचंद्र नेमाडे यांची मांडणी तिच्या अनुयायांच्या घोषणांपेक्षा गुंतागुंतीची आहे, हेही मान्य. पण वर्गात आणि परीक्षणांत ती पोचली तेव्हा तिचा झाला लिटमस कागद: बुडवा आणि रंग पाहा. विलास सारंगांची 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी इराकमध्ये घडते. ती मराठी मातीतली आहे काय, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी तिच्यातले काय वाचणार? त्याच्या हाती आम्लता मोजायचा कागद आहे आणि झाड असे आहे की ज्याचा रंग आम्लतेवर ठरतच नाही.

काही लेखक मॅक्रोफिलासारखे असतात. मातीतले काहीतरी त्यांच्या मुळांतून चढते आणि त्यांच्या वाक्यावाक्याला निळे करते; त्यांना उपटून दुसरीकडे लावले तर ते निराळे दिसतात. त्यांच्यासाठी मातीचे रूपक योग्य आहे. पण काहींचा रंग वयातून येतो, उशिरा येतो, गार रात्री काढल्याखेरीज येत नाही. पहिल्या संग्रहातला पोपटी रंग शोधत त्यांच्याकडे गेलेल्या समीक्षकाला तो उडालेला दिसणारच. त्याला प्रश्न असा विचारायला हवा होता की आता कोणता रंग चढतो आहे आणि किती वर्षांनी चढतो आहे. आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत कवीचा पहिला, फार तर दुसरा संग्रह लावला जातो. उत्तरकाळातील कविता 'हळूहळू कमी होत गेलेली शक्ती' या एका वाक्यात आटोपतात. मीही तशी आटोपली आहे, आणि त्या वाक्याला गुणही दिले आहेत.

यावर आक्षेप येईल की गारवा हीदेखील परिस्थितीच, मग मातीऐवजी हवामान म्हणा, फरक काय पडला? फरक असा की माती एकदाच मिळते, जन्मतः. गारवा सोसावा लागतो, आणि तो कुठेही सोसता येतो. शिवाय मातीचे महत्त्व मी नाकारत नाही. पाणी तुंबणाऱ्या जमिनीत हे झुडूप सडते. नाशिकच्या काळ्या जमिनीत आणि तिथल्या उन्हाळ्यात ते जगवण्याच्या फंदात मी कोणाला पाडणार नाही. जगायला माती लागते. माझा वाद रंगापुरताच आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी त्या स्नेह्यांना तुऱ्याचे छायाचित्र पाठवले. डाळिंबी ओसरून तो ज्या रंगावर आला होता त्याला मला शब्द सापडत नव्हता. विटकरी म्हणावे तर तितका कोरडा नाही, अंजिरी म्हणावे तर तितका गडद नाही. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, एकच शब्द: "आमसुली." आणि खाली आणखी एक ओळ: "बघा, शब्द मात्र कोकणातल्या मातीतलाच लागला." यावर काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही. तुरे मी कापलेले नाहीत. बर्फ धरून ते उभे आहेत, मार्चमध्ये कात्री काढीन.